जांभळाची होडी आणि अकरा कलमे

राग आलेल्या माणसाने बोलू नये, लिहावे, असे माझे मत आहे. बोललेला राग वाऱ्यावर जातो. लिहिलेल्या रागाला कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. या तत्त्वास अनुसरून मी चाळीस वर्षे पत्रे लिहीत आलो आहे: रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी, टपालाच्या दिरंगाईविषयी, मापात मारणाऱ्या दुकानदारांविषयी, आणि माझ्या पत्रांना उत्तरे न देणाऱ्या लोकांविषयी. प्रत्येक पत्राची नक्कल मजपाशी आहे. त्या नकलांच्या गठ्ठ्यांत सर्वांत जाड गठ्ठा एका होडीचा आहे. बेळगावच्या टिळकवाडीत, जिथे पावसाळ्यातले गटार सोडले तर वाहते पाणी दृष्टीस पडत नाही, तिथे राहणाऱ्या माणसाच्या पेटीत होडीचे दप्तर कशासाठी, असे येणारेजाणारे विचारतात. त्यांना तोंडी सांगून सांगून मी थकलो. म्हणून हे लिहून ठेवीत आहे.

आमचे गाव निपाणीपासून काही कोसांवर, वेदगंगेच्या काठी. अलीकडच्या काठावर इंग्रजी अंमल आणि पलीकडच्या काठावर संस्थान. म्हैस डुंबता डुंबता पलीकडे लागली तर ती कायद्याने परराज्यात गेली, आणि तिला हाकलीत आणणारा गुराखी दिवसातून दोनदा सरहद्द ओलांडी. परंतु या गोष्टीची खंत मला एकट्यालाच होती. माझी सासुरवाडी बरोबर समोरच्या काठावर. आमच्या परसात उभे राहिले की सासऱ्यांच्या परसातला शेवगा दिसे. उन्हाळ्यात धोतर खोचून, गुडघाभर पाण्यातून, विडा संपण्यापूर्वी माणूस तिथे पोहोचे. पावसाळ्यात मात्र तोच शेवगा नुसता पाहण्यापुरता उरे. मोठ्या सडकेवरच्या पुलाने वळसा घालायचा म्हटले तर मध्ये काळे रान. त्या चिखलात गाडीचे चाक आसापर्यंत बुडते आणि माणसाचे जोडे तर कायमचे राहतात.

आता आमच्याकडची रीत अशी की, दिलेली मुलगी पंचमीला माहेरी आलीच पाहिजे. भावाने मुराळी होऊन तिला न्यायला यायचे, तिने झोक्यावर बसायचे, फेर धरायचा, दिंडं खायची आणि सासरच्यांची यथेच्छ निंदा करून परत जायचे. आणि नागपंचमी येते श्रावणात, नदी दोन्ही काठ धरून चाललेली असताना. म्हणून पलीकडच्या गावात मुलगी देताना नदीकाठचे बाप दहा वेळा विचार करीत. माझ्या सासऱ्यांनी अकराव्यांदा केला. त्यांनी बांधावरचे जुने जांभळाचे झाड तोडले, सुताराला दोन महिने गोठ्यात बसवले, आणि लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर मुलीला एक होडी दिली. ऐन वैशाखात आमची वरात नदीच्या कोरड्या वाळूतून निघाली. पुढे वाजंत्री, मध्ये आम्ही, आणि मागे बैलगाडीवर पालथी घातलेली होडी. आमच्या गावचे लोक नवरी पाहायला म्हणून आले आणि होडीच पाहत राहिले.

ती होडी माझी पत्नी स्वतः वल्हवीत असे. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती मागच्या टोकाला बसे; भाऊ मुराळी म्हणून येई खरा, पण पाहुण्यासारखा पुढे बसून राही. मला पोहता येत नाही. त्यामुळे मी मधल्या फळीवर, छत्री उघडून, दोन्ही हातांनी कडा धरून बसे. छत्री कशाने धरीत होतो, हे आता आठवत नाही.

अशी सोळा-सतरा वर्षे गेली. मी निपाणीच्या कचेरीत कारकून होतो, तिथून माझी बदली बेळगावला जिल्ह्याच्या कचेरीत झाली. बदलीच्या हुकमाविरुद्ध मी तीन अर्ज केले. तिन्ही फेटाळले गेले, पण तिसऱ्यावरचा शेरा पुष्कळ विनयशील होता. बिऱ्हाड हलवायचे ठरले. जाते, पाटा, पितळेची घागर, माझी पुस्तके, सगळ्यांचा निकाल एका दुपारी लागला. होडीपाशी येऊन गाडे अडले.

विकावी, तर गावात गिऱ्हाईक एकच, आणि ते तिच्यात गुरांचे आंबोण कालवणार होते. मी नकार दिला, आणि कारणे त्यांना लेखी कळवली. न्यावी, तर बेळगावात ती कुठे ठेवायची? ठेवून जावी, तर कोणाच्या भरवशावर? माझी पत्नी या खलात फारशी पडली नाही. चुलीपुढे भाकरी थापता थापता ती एवढेच म्हणाली, "होडी ऱ्हायली तर माजी पंचमी ऱ्हायली. बेळगावासनं मोटारीनं काठापत्तुर ईन मी. फुडं काय, उडून जाऊ?"

प्रश्न एवढाच होता, आणि तो तिने एका भाकरीत सांगितला. मला तो समजून घ्यायला एक वर्ष आणि दप्तराचा एक गठ्ठा लागला.

पहिले पत्र मी टिळकवाडीतील आमच्या नियोजित घरमालकांना लिहिले. चार पृष्ठांचे होते. भाडेचिठ्ठीत 'चाकाचे वाहन' आवारात ठेवण्यास मनाई आहे. होडीस चाके नाहीत. सबब ती वाहन असली तरी मनाईत बसत नाही. शिवाय पालथी घातली असता ती बाकासारखी दिसते आणि बाक हे घरसामान होय, असा युक्तिवाद मी टप्प्याटप्प्याने मांडला होता. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले: "होडी आत येणार नाही." यावर मी सात पृष्ठे लिहिली. पुन्हा पोस्टकार्ड: "फाटक तीन फुटी आहे." या मुद्द्याला कायद्यात उत्तर नव्हते. तरी मी पोच दिली.

दुसरा मार्ग नदीवरच्या आप्पांनी सुचवला. आप्पा म्हणजे आमच्या गावचे म्हातारे नावाडी; त्यांची नाव आमच्या लग्नाआधीच एका पुरात वाहून गेली होती. आयुष्य पाण्यावर गेलेले. जमिनीवर चालताना ते जरा डुलत. एके सकाळी ते ओसरीवर येऊन बसले, पान जुळवले आणि म्हणाले, "कारकूनसाहेब, लई इचार करू नगा. बुडवून ठिवा."

"काय म्हणालात?"

"डोहात न्यायची, धोंडं भरायचं आन् बुडवायची. कोन चोरत न्हाय, ऊन लागत न्हाय. माजी नाव व्हती तवा मी बी दर उन्हाळ्याला बुडीवतच व्हतो की."

माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली वस्तू मी धोंडे भरून बुडवावी! मला तो सल्ला नव्हे, उपमर्द वाटला. मी म्हणालो, "आप्पा, मालमत्ता जतन करणे याचा अर्थ ती नाहीशी करणे असा कोणत्याही कायद्यात नाही."

"कायद्यात नसंल," आप्पा उठत म्हणाले, "पर लाकडात हाय."

घरातून हसू ऐकू आले. मी दुर्लक्ष केले.

मी जागा शोधली ती माझ्या मते निर्दोष होती. गावातल्या एका तंबाखूवाल्या बागाईतदाराची पाला सुकवण्याची मोठी खोप होती. वर भक्कम तुळया, खाली हवा खेळती, पावसाचा थेंब आत येत नाही. हे गृहस्थ स्वभावाने भिडस्त. ते म्हणाले, "ठिवा की. कागुद कशाला?" कागद कशाला, हे विचारणाऱ्या माणसाबरोबरच कागद केला पाहिजे, हा माझा अनुभव. मी अकरा कलमांचे करारपत्र तयार केले. कलम दुसरे: होडीस ओल लागू देऊ नये. कलम पाचवे: होडीत तंबाखू, शेंगा, अंडी घालणाऱ्या कोंबड्या वा अन्य जिन्नस ठेवू नये. कलम नववे: होडी मागताच 'जशी घेतली तशी' परत करावी. मालक म्हणून मी सही केली. नेहमीप्रमाणे मसुदा ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला; कारण लिहिलेले कानाला खटकले तर ते कोर्टातही खटकते. माझी पत्नी तांदूळ निवडीत ऐकत होती. मालकाच्या नावापाशी तिचा हात थांबला. मला वाटले, खडा लागला असेल.

चार गड्यांनी होडी उचलून तुळयांवर चढवली, आणि आम्ही बेळगावला आलो.

बेळगावचे ते पहिले वर्ष मला सुखाचे गेले. लिहिण्यासारख्या गोष्टी पुष्कळ होत्या. खडेबाजारातल्या एका कापडवाल्याने शहापुरी म्हणून दिलेले लुगडे शहापूरच्या मागावरचे नाही, हे माझ्या पत्नीने काठावरून बोट फिरवून ओळखले आणि मी ते कागदावर सिद्ध केले. शेजारी कानडी बोलत. पत्नी पंधरा दिवसांत त्यांच्याशी भाजीची देवघेव करू लागली. मात्र आषाढ लागला तशी ती दिवस मोजू लागली. अमावास्या झाली त्याच दिवशी तिने बोचके बांधून दाराशी ठेवले. पंचमीला अजून पाच दिवस होते.

आम्ही सर्व्हिस मोटारीने निपाणीला, तिथून बैलगाडीने आणि शेवटचा मैल पायांनी गावात आलो. खोपेत गेलो. बागाईतदार अभिमानाने म्हणाले, "कागदावर लिवलंय तसं ठिवलंय बगा. पान्याचा थेंब लागू दिला न्हाय. कोंबडी सुदिक वर गेली न्हाय." खरेच, होडी झाडूनपुसून ठेवलेली होती. गड्यांनी ती खाली उतरवली, नदीकाठी नेली, आणि जरा टेकवून उभी केली. तेव्हा मी तिच्या मागे उभा होतो. आणि मला फळ्यांच्या सांध्यांतून नदी दिसली. एका सांध्यातून पाणी, दुसऱ्यातून पलीकडचा काठ, तिसऱ्यातून सासऱ्यांच्या परसातला शेवगा.

"लाकूड आटलं," आप्पा म्हणाले. काठावर गर्दी जमली होती. "तंबाकूगत वाळवली तुमी होडी. आता चिलमीत भरा."

तरी मी ती पाण्यात लोटायला लावली. मला अजून आशा होती की, वस्तुस्थिती कराराला मान देईल. होडी दोन हात पुढे गेली आणि सगळ्या बाजूंनी एकदम, सावकाश, पाणी आत घेत बसती झाली. ती बुडाली असेही म्हणता येईना; वितभर पाण्यात मांडी घालून बसल्यासारखी ती बसली.

माझी पत्नी बोचके कडेवर घेऊन उभी होती. ती रडली असती तर मला सोपे गेले असते. तिने एकदा होडीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मग पलीकडे तोंड करून, तोंडाभोवती हाताचा पंजा धरून हाक मारली, "आण्णाऽऽ! होडी फुटली रंऽऽ!"

पलीकडे तिचा भाऊ मुराळ्याचा नवा पटका बांधून सकाळपासून वाट पाहत होता. त्याचे उत्तर वाऱ्यावर तुटत तुटत आले. "थांब गं आक्का! काहील आनतोऽऽ!"

काहील म्हणजे गुऱ्हाळातली रस आटवायची लोखंडी कढई. दहा माणसे आत मावतील एवढी, तळाला सपाट. पुराच्या वेळी आमच्याकडे ती पाण्यात सोडतात, हे मी ऐकून होतो. पण अशा भांड्यातून सरकारी नोकराने प्रवास करावा, हे माझ्या कल्पनेपलीकडे होते. थोड्या वेळाने ती काळी कढई गिरक्या घेत नदीत आली. मेव्हणा आत उभा राहून फळीने पाणी मारीत होता, आणि दोन पट्टीचे पोहणारे गडी कडेला धरून तिला ढकलीत होते. काठावर लागताच पत्नी काष्टा सावरून आत बसलीसुद्धा.

"या दाजी," मेव्हणा म्हणाला. "गुळाची हाय, गोड लागंल."

"हे जलवाहन नव्हे," मी म्हणालो. "हे भांडे आहे. याला पुढची बाजू नाही."

"मंग जिकडं तोंड करून बसशीला ती फुडची."

पत्नी म्हणाली, "बसायचं आसंल तर बसा, न्हाईतर हितंच बसून कुनाला तरी पत्र लिवा."

मी बसलो. गोल वस्तू पाण्यात सरळ जात नाही, हा सृष्टिनियम मला त्या दिवशी प्रत्यक्ष शिकायला मिळाला. इंग्रजी अंमल माझ्या डोळ्यांसमोरून सात-आठ वेळा गेला, संस्थानही तितक्याच वेळा गेले. गडी हसत होते, मेव्हणा हसत होता, आणि माझी पत्नी, जी होडीत कधी तोंडातून शब्द काढीत नसे, ती इतकी हसत होती की तिचा पदर खांद्यावर राहीना. संस्थानच्या हद्दीत मी पाठमोरा प्रवेश केला.

कपडे वाळत घालून मी सासऱ्यांच्या सोप्यात बसलो, आणि दौत मागवली. बागाईतदारावर नोटीस काढायची होती. कलम नववे, 'जशी घेतली तशी', याचा उघड भंग झाला होता. मी मसुदा मोठ्याने वाचू लागलो: "मी खाली सही करणार, सदर होडीचा मालक..."

"कोन मालक?" स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पत्नीने विचारले. तिच्या हाताला पुरण लागलेले होते.

"म्हणजे आपण."

"आपन कोन? होडी बाबांनी कुनाला दिली?"

"लग्नात दिली."

"कुनाला?"

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. सोप्यात मेव्हणा सुपारी कातरीत होता. त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"मागल्या साली त्या इधवा बाईचा अर्ज तुमीच लिवला न्हवं?" ती म्हणाली. "तिचं डागदागिनं दिरानं ठिवून घेतलंतं. वसरीवर बसून तीनदा वाचला तुमी. बापानं लग्नात दिलंय ते बाईचं. त्येच्यावर सासरच्याचा हक्क न्हाय, आन् नवऱ्याचा बी न्हाय, आडीनडीला बी इच्यारून घ्यावं लागतंय. मी तांदूळ निवडत व्हतो, पर कान उगडं व्हतं."

सांगायला संकोच वाटतो, पण लिहायला वाटत नाही: आयुष्यात मी पुष्कळांना स्त्रीधनाचा कायदा समजावून सांगितला होता, आणि सतरा वर्षे स्वतःच्या पत्नीचे स्त्रीधन छत्री घेऊन वापरीत होतो. तिला न विचारता मी ते ठेवले, त्याच्या जतनाच्या अटी घातल्या, मालक म्हणून सही केली. अकरापैकी अकरा कलमे मुळातच शून्य होती. आणि जे एक कलम त्या भल्या माणसाने अक्षरशः पाळले, त्या दुसऱ्या कलमानेच होडीचा जीव घेतला होता. नोटीस काढायचीच, तर ती माझ्यावर निघत होती.

मेव्हण्याने हळूच विचारले, "मंग दाजी, नोटीस कुनाच्या नावानं?"

मी कागद फाडला. एवढा सुवाच्य मसुदा मी आयुष्यात दुसरा फाडलेला नाही.

"मग काय करायचे होडीचे?" मी पत्नीला विचारले. हा प्रश्न मी तिला वर्षभरात पहिल्यांदाच विचारीत होतो, हे विचारल्यानंतर माझ्या लक्षात आले.

"आप्पांनी सांगिटलं तसं. डोहात बुडवायची. लाकूड फुगलं की वर काढायची. आन् फुडं ठिवायची न्हाय."

"ठेवायची नाही? म्हणजे विकायची?"

"ठिवायची न्हाय, चालवायची. मी वरसातनं दोनदा येनार. त्येच्यासाटी बाकी वरीसभर तिला वर टांगून ठिवायची व्हय? ह्या गावच्या सा पोरी पल्याड दिल्यात. पल्याडच्या चार हिकडं आल्यात. त्येंच्या बापांनी न्हाईत होड्या दिल्या. आप्पांकडं ऱ्हाऊ दे. पंचमीला, दिवाळीला माहेरवाशिनी आधी, बाकीची मागनं."

तिच्या भावाने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला. आप्पांनी होडी धोंडे भरून डोहात बुडवली. आम्ही माहेरपणाचे दिवस वाढवले; मी रजेचा अर्ज संस्थानातून पाठवला आणि तो परराज्यातून आल्याबद्दल कचेरीतून विचारणा झाली, तिचे उत्तर वेगळ्या गठ्ठ्यात आहे. दहाव्या दिवशी आप्पांनी होडी वर काढली. फळ्या फुगून एकमेकींना इतक्या घट्ट भिडल्या होत्या की सांध्यात नख जाईना. दोन ठिकाणी कापूस आणि राळ भरावी लागली, तेवढेच.

मालकीणबाईंच्या वतीने आप्पांना ताबा देण्याचा कागद मी लिहिला. सवयीने सात कलमे झाली. मी वाचीत गेलो आणि ती एकेक खोडायला सांगत गेली. "हे कशाला? आप्पांना ठावं हाय." "हे बी ठावं हाय." शेवटी कागदावर एकच वाक्य उरले: होडी माझी आहे, ती आप्पांनी चालवावी, माहेरवाशिणींकडून नदी उतरण्याचे पैसे घेऊ नयेत. तिने खाली स्वतःचे नाव लिहिले. अक्षर मोठे आणि जरा उतरते होते, पण पूर्ण. ती एवढी बिनतोड लेखणी चालवू शकते, हे मला माहीत नव्हते. आप्पांनी कागद डोक्याला लावला आणि पटक्यात खोचला.

परतीच्या दिवशी काठावर गेलो, तर आमच्याबरोबर पलीकडे निघालेल्या तीन मुली आपापली बोचकी घेऊन आधीच उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हे होते. पत्नीने तिघींना होडीत बसवले, स्वतः मागच्या टोकाला बसली आणि वल्हे हातात घेतले. मी छत्री उघडून मधल्या फळीकडे पाऊल टाकले.

"कारकूनसाहेब, तुमी मागनं," आप्पा म्हणाले. "कागदावर लिवलंय."

"कागदावर 'मागून' हा शब्द नाही. तो तिने तोंडी सांगितला होता."

"मंग मालकिनीला इच्यारा."

मालकीण तोवर दहा हात पाण्यात गेली होती. तिच्या पुढे मुली काहीतरी बोलून हसत होत्या, आणि ती मान न वळवता वल्हे मारीत होती. मी काठावरच्या दगडावर बसून राहिलो. राग आला होता. खिशात कागद होता, पेन्सिलही होती. पण तक्रार जिच्याकडे करायची, ती दुसरी खेप घेऊन मलाच न्यायला येणार होती, म्हणून मी छत्री मिटली आणि वाट पाहिली.